मिस शिलिंगची पितळी चकती

होस्टेलला नवीन आले तेव्हा कुणी गाव विचारलं की मी बेलापूर सांगायचे, आणि समोरची मुलगी हमखास विचारायची, हार्बर लाइनवरचं का? नाही हो! आमचं बेलापूर प्रवरेच्या काठचं, श्रीरामपूर तालुक्यातलं, अहिल्यानगर म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातलं. गंमत म्हणजे आमच्या गावाचं नाव मिरवणारं रेल्वे स्टेशनही आमच्या गावात नाही, ते आहे श्रीरामपुरात! चहूकडे ऊस, आणि हरेगावला ब्रिटिश अमदानीतल्या बेलापूर कंपनीचा बंद पडलेला साखर कारखाना. अशा या गावात, आमच्या गोठ्याला लागून असलेल्या पडवीत, एक इंग्रज पाहुणी कित्येक वर्षं ताडपत्रीखाली झोपून होती. तिचं नाव बीएसए एम-20.

मोटरसायकल आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्करासाठी एम-20 गाड्या लाखाच्या वर तयार झाल्या. निरोप घेऊन जाणारे डिस्पॅच रायडर त्या वापरत. युद्ध संपल्यावर लष्कराने अशा पुष्कळ गाड्या विकून टाकल्या. त्यातलीच एक हातोहाती फिरत आबांकडे आली. 496 सीसी, एकच सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला! तिच्यावर बसून आबांनी उसाची टोळी आणली, आजीला माहेरी पोचवलं, माझ्या वडिलांना दवाखान्यात नेलं. मग एक दिवस ती बंद पडली ती पडलीच.

गेल्या दिवाळीत घरात ठरलं की जागा अडते, भंगारात देऊन टाकू. आबा काहीच बोलले नाहीत. आमच्या घरात आबा बोलले नाहीत की समजावं, त्यांना लागलंय.

मीही त्या सुटीत काही हसतखेळत आले नव्हते. कॅम्पस इंटरव्ह्यूमध्ये एका कंपनीने मला घेतलं होतं खरं, पण पॅनेलमधल्या सरांनी मुलींना शॉप फ्लोअरची शिफ्ट झेपत नाही असं ठरवूनच टाकलं आणि मला मॅन्युअल लिहिण्याच्या विभागात जागा देऊ केली. मेकॅनिकलला प्रवेश घेताना नातेवाइकांनी जे ऐकवलं होतं तेच चार वर्षांनी टाय लावलेल्या माणसाकडून ऐकलं! होकार की नकार ते पंधरा दिवसांत कळवायचं होतं. डोकं भणभणलं होतं. म्हणून मी भंगारवाल्याला आठ दिवस थांबवायला सांगितलं आणि ताडपत्री ओढली.

पहिला दणका बसला तो पान्यांचा. आपल्या वर्कशॉपच्या सवयीने मी मिलिमीटरचा सेट घेऊन बसले. एकही पाना धड बसेना. एक नंबर ढिला, त्याखालचा जाईना! आबा खाटेवरून बघत होते. ते उठून आत गेले आणि गोणपाटात बांधलेले जुने काळे पाने घेऊन आले. हे व्हिटवर्थचे पाने. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने 1841 मध्ये स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण ठरवून दिलं, त्याच पद्धतीचे. त्यांच्यावरचा आकडा नटाच्या रुंदीचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. थिअरीला हे आपल्याला दोन मार्कांना असतं, पण बोटाची साल निघाल्यावर कायमचं लक्षात राहतं.

मग रीतसर काम सुरू झालं. जुनं तेल काढलं. या गाडीचं तेल वेगळ्या टाकीत असतं आणि गाडी फार दिवस उभी राहिली की ते झिरपत क्रँककेसमध्ये उतरतं, तेही काढलं. टाकीतला गंज धुतला. मॅग्नेटोचे पॉइंट पॉलिश पेपरने हलके घासले आणि फट इंचाच्या बारा हजारांश ठेवली. प्लग बाहेर काढून सिलिंडरच्या हेडला टेकवला, किक मारली, आणि छान निळी ठिणगी दिसली. मी ओरडलेच! आजी धावत बाहेर आली, तिला वाटलं शॉक बसला.

पण पेट्रोल सोडलं आणि आनंद ओसरला. कार्ब्युरेटरच्या बाजूच्या फ्लोट चेंबरमधून पेट्रोल भळाभळा वाहायला लागलं. सुई साफ केली, तरी तेच. इंजिन एकदोनदा फटफटलं, काळा धूर सोडला आणि गुदमरून बंद पडलं. कोपऱ्यावरचे मिस्त्रीकाका येऊन बघून गेले आणि कार्ब्युरेटरच बदल म्हणाले. तो मिळणार कुठे?

त्या रात्री मोबाइलवर फ्लोट चेंबर आणि फ्लडिंग याबद्दल शोधत बसले होते, तेव्हा मला एक बाई भेटल्या. त्यांचं नाव बिअॅट्रिस शिलिंग. गुदमरणाऱ्या इंजिनाचा हाच प्रश्न त्यांच्या टेबलावर आला होता, फक्त ते इंजिन 27 लिटरचं होतं आणि विमानात बसवलेलं होतं.

बिअॅट्रिस यांचा जन्म 8 मार्च 1909 चा. पुढे जगाने महिला दिन म्हणून मानलेल्या तारखेलाच त्या जन्मल्या! इंग्लंडमधल्या हॅम्पशायर परगण्यातलं वॉटरलूव्हिल हे त्यांचं गाव. वडील खाटीक. घरात इंजिनिअर कुणी नव्हतं. पण या मुलीला बाहुल्यांपेक्षा हत्यारांची ओढ. खाऊच्या पैशांतून ती हत्यारं विकत घेई आणि मेकॅनोचे सांगाडे जोडत बसे. वयाच्या चौदाव्या वर्षी तिने मोटरसायकल घेतली. कोणती? रॉयल एनफिल्ड! आपल्याकडे बुलेटमुळे घरोघरी माहीत झालेलं नाव, पण तिची गाडी बुलेटच्या कितीतरी आधीची, टू-स्ट्रोक. ही गाडी ती चालवायची तर खरीच, पण खोलून परत जोडायचीसुद्धा. इंजिनिअर व्हायचं हे त्या गाडीपाशीच पक्कं झालं.

त्या काळी मुलीने असं ठरवणं म्हणजे काय, याचा आज अंदाज येणं कठीण आहे. इंग्लंडमध्ये विमेन्स इंजिनिअरिंग सोसायटी ही संस्था 1919 मध्ये निघाली होती. या संस्थेतल्या मार्गारेट पार्ट्रिज या बाई डेव्हन परगण्यात विजेच्या कामांची स्वतःची कंपनी चालवत. खेड्यापाड्यांत जनित्रे बसवणे, घरांत वायरिंग करणे अशी कामे. शाळा संपल्यावर बिअॅट्रिस त्यांच्याकडे उमेदवारी करू लागल्या. म्हणजे आधी हात काळे झाले आणि डिग्री नंतर आली. पार्ट्रिजबाईंनीच त्यांना पुढे शिकायचा आग्रह धरला. 1929 मध्ये त्यांनी मँचेस्टरच्या विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. त्यांच्यासोबत तिथे मुलगी एकच. आपल्या वर्गात आम्ही सहाजणी आहोत, तरी रोल कॉलला मान वळवून बघणारे आहेतच. दोघींनी काय सोसलं असेल! 1932 मध्ये त्या पदवीधर झाल्या आणि मग आणखी एक वर्ष राहून त्यांनी मेकॅनिकलमध्ये एमएस्सी केलं. नंतर बर्मिंगहॅम विद्यापीठात सुपरचार्जर लावलेल्या एका सिलिंडरच्या इंजिनावर संशोधन साहाय्यक म्हणून काम केलं.

हे सगळं चालू असताना मोटरसायकल सुटली नव्हती. आता त्यांच्याकडे नॉर्टन कंपनीची 500 सीसीच्या वर्गातली एम-30 होती, शर्यतीची गाडी. ती त्या स्वतः खोलत, स्वतः ट्यून करत आणि रविवारी स्वतःच शर्यतीत उतरत. लंडनजवळ ब्रुकलँड्स नावाचा काँक्रीटचा, वळणांवर कलता बांधलेला ट्रॅक होता. तिथे शर्यतीत ताशी 100 मैलांच्या वर वेगाने एक फेरी मारणाऱ्या मोटरसायकलस्वाराला छोटा सोन्याचा तारा, गोल्ड स्टार, मिळत असे. 1934 मध्ये बिअॅट्रिस शिलिंग यांनी ताशी 106 मैलांची फेरी मारली. म्हणजे ताशी सुमारे 170 किलोमीटर, तेही त्या काळचे टायर आणि त्या काळच्या ब्रेकवर! तो ट्रॅक 1939 मध्ये बंद झाला, तोवर हा तारा फक्त तीन स्त्रियांना मिळाला, त्यातल्या या दुसऱ्या. जाता जाता सांगते, बीएसएची गोल्ड स्टार ही प्रसिद्ध गाडी ऐकली असेल, तिचं नाव याच ताऱ्यावरून पडलं.

पुढे 1938 मध्ये त्यांनी जॉर्ज नेलर यांच्याशी लग्न केलं. असं सांगतात की, आधी तुम्हीही गोल्ड स्टार मिळवा, मग लग्न, अशी त्यांची अट होती. खरं-खोटं देव जाणे, पण नेलर यांनी तारा मिळवला हे मात्र खरं. हुंडा बघणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा!

1936 मध्ये त्या फार्नबरो इथल्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट या सरकारी संशोधन संस्थेत लागल्या. विमानांचं संशोधन जिथे होई ती ही जागा. आणि तिथे त्यांना पहिलं काम काय मिळालं माहीत आहे? मॅन्युअल लिहायचं! हातात एमएस्सी, सुपरचार्ज्ड इंजिनावरचं संशोधन, ताशी 106 मैलांचा तारा, आणि काम इंजिनांची माहितीपुस्तकं लिहिण्याचं. हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि मी अंथरुणात उठून बसले.

पण त्या तिथेच राहिल्या नाहीत. इंजिन विभागात बदली मिळवून त्या कार्ब्युरेटरच्या कामात शिरल्या, आणि काही वर्षांत त्या विषयात त्यांचा शब्द मानला जाऊ लागला. मग युद्ध आलं.

1940 च्या उन्हाळ्यात ब्रिटनची हरिकेन आणि स्पिटफायर ही लढाऊ विमाने जर्मन मेसरश्मिट 109 शी झुंजत होती. ब्रिटिश विमानांत रोल्स-रॉइसचे मर्लिन इंजिन होते, बारा सिलिंडरचे. इंजिन अव्वल, पण एक खोड होती. वैमानिकाने विमानाचे नाक एकदम खाली दाबले की इंजिन अडखळे आणि कधी कधी बंदच पडे. जर्मन वैमानिकाला हे ठाऊक होते. मागे स्पिटफायर लागले की तो सरळ नाक खाली करून सूर मारी, कारण त्याच्या इंजिनात कार्ब्युरेटर नव्हता, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई. पाठलाग करणाऱ्या ब्रिटिश वैमानिकाला आधी विमान उलटे करून मग सूर मारावा लागे, तेवढ्यात शत्रू निसटे. उलट शत्रूच मागे असेल तर? मग त्या एका सेकंदाची किंमत जीव असे.

असे का होत होते? जत्रेतला आकाशपाळणा झपकन खाली येताना पोट वर येतं ना, तेच. नाक एकदम खाली गेलं की फ्लोट चेंबरमधलं पेट्रोलही वर उसळतं. जेट उघडे पडतात, इंजिनाला पेट्रोल मिळत नाही, ते पहिली उचकी देतं. खरा घोटाळा त्यानंतर होतो. फ्लोट भलत्या बाजूला गेल्यामुळे सुईचा झडपा सताड उघडतो आणि पंप पूर्ण जोराने पेट्रोल आत ढकलायला लागतो. कार्ब्युरेटर तुडुंब भरतो, मिश्रण अति गडद होतं, काळा धूर निघतो आणि इंजिन गुदमरतं. थोडक्यात, जे आमच्या पडवीत झालं तेच!

रोल्स-रॉइसचे लोक काही अडाणी नव्हते. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना आत जाणारी हवा थंड होते आणि इंजिनाला जादा ताकद मिळते, म्हणून त्यांनी तो ठेवला होता. नवा कार्ब्युरेटर तयार होऊन यायला वर्षे लागणार होती. वैमानिकांना तर उपाय आज हवा होता.

शिलिंगबाईंनी प्रश्नाकडे साध्या नजरेने पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं की पंप जेवढं पेट्रोल ढकलू शकतो, तेवढं इंजिनाला पूर्ण ताकदीवरसुद्धा लागत नाही. सगळा पूर त्या जादा पेट्रोलाचा. मग कार्ब्युरेटरच्या आधी नळीतच एक अडसर टाकला तर? त्यांनी शिंप्याच्या अंगुस्तानासारखी एक छोटी पितळी टोपी केली, तिला मोजून एक भोक. पूर्ण ताकदीवर इंजिनाला जेवढं लागतं तेवढंच पेट्रोल त्या भोकातून जाणार, थेंबभर जास्त नाही. पुढे टोपीच्या जागी साधी चपटी चकती आली. आमच्या उसाला ठिबकचा ड्रिपर करतो तेच काम! आणि फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये ऑरिफिस मीटरचं प्रॅक्टिकल आपण रीडिंग कॉपी करून उरकतो ना, तेच ते ऑरिफिस.

या चकतीची सर्वांत मोठी खुबी म्हणजे ती बसवायला विमान वर्कशॉपला न्यावं लागत नसे. धावपट्टीच्या कडेला उभ्या विमानात ती बसे. छोटा चमू घेऊन शिलिंगबाई विमानतळामागून विमानतळ फिरल्या, आणि त्या स्वतः आपल्या नॉर्टनवरून जात असं सांगतात. मार्च 1941 पर्यंत ब्रिटनच्या लढाऊ विमानदलाच्या मर्लिन इंजिनांत चकत्या बसल्या होत्या. इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ही चकती 1940 च्या हवाई लढाईत वापरली गेली असा पुष्कळांचा समज असतो, तो बरोबर नाही. ती लढाई तोवर संपली होती, युद्ध मात्र संपलं नव्हतं. शिवाय हा पूर्ण इलाजही नव्हता. पहिली उचकी येतच राहिली आणि विमान फार वेळ उलटं उडवता येत नसे. 1943 च्या सुमारास प्रेशर कार्ब्युरेटर आले तेव्हा खोड मुळातून गेली. पण मधली दोन वर्षं या पितळी तुकड्याने निभावून नेली.

कागदोपत्री त्याचं नाव होतं आरएई रिस्ट्रिक्टर. वैमानिक मात्र त्याला मिस शिलिंगचं ऑरिफिस म्हणत. त्या नावात पुरुषी चावटपणा होता हे उघड आहे, आणि खरं तर लग्न होऊन त्या मिसेस नेलर झालेल्या होत्या. पण नाव टिकलं ते टिकलंच, आणि त्या नावामुळेच आज आपल्याला त्या माहीत आहेत.

युद्धानंतर त्यांना ओबीई हा किताब मिळाला. फार्नबरोत त्यांनी 1969 पर्यंत नोकरी केली. ब्लू स्ट्रीक क्षेपणास्त्र, ओल्या धावपट्टीवर विमानाचे ब्रेक कसे लागतात याचा अभ्यास, असे नाना विषय हाताळले. संस्थेच्या अगदी वरच्या खुर्चीपर्यंत मात्र त्या पोचल्या नाहीत. ब्रिटनच्या सरकारी नोकरीत त्याच कामाला स्त्रियांना पुरुषांइतका पगार देण्याचं धोरण 1955 मध्ये ठरलं आणि पूर्ण अमलात यायला 1961 उजाडलं. म्हणजे युद्धात चकती बसवत फिरताना त्या स्त्री म्हणून कमीच पगारावर होत्या. त्यांनी त्यावरून हात आखडता घेतला नाही. मोटरसायकलनंतर पतीबरोबर मोटारींच्या शर्यतींत उतरल्या आणि त्या मोटारीही घरीच खोलल्या-जोडल्या. 1967 मध्ये डॅन गर्नी यांच्या ईगल या फॉर्म्युला वन गाडीचं इंजिन तापत होतं, तेव्हा सल्ल्यासाठी त्यांना बोलावलं गेलं. तेव्हा त्यांचं वय 58! 1969 मध्ये सरे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. 18 नोव्हेंबर 1990 रोजी त्या वारल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फ्लोट काढून कानाशी हलवला. आत खळखळ आवाज! हा फ्लोट म्हणजे पोकळ पितळी डबी. तिला कुठेतरी बारीक छिद्र पडून आत पेट्रोल शिरलं होतं, त्यामुळे ती जड होऊन बुडत होती आणि सुई वर ढकलत नव्हती. चुलीपासून लांब, गरम पाण्याच्या पातेल्यात तिला बुडवलं तर सांध्याजवळून बुडबुडे आले. आतलं पेट्रोल उडून जाईपर्यंत मी ती वारंवार गरम पाण्यात धरली, पार कोरडी केली आणि मग डाख लावला. पहिल्यांदा फार लागला. वजन वाढलं की फ्लोट खाली बसतो आणि पेट्रोलची पातळी चुकते, म्हणून कानसून कमी केला. पुन्हा बुडवून पाहिलं. बुडबुडा नाही.

संध्याकाळी आबांनी काठी टेकवली आणि स्वतः उभे राहून मला किक शिकवली. आधी हँडलवरचा लिव्हर ओढून ठिणगी मागे घ्यायची, नाहीतर किक उलटी मारते आणि पाय मोडतो. पाचव्या किकला बीएसए बोलली. तो आवाज आपल्या बाइकसारखा घाईचा नाही, डुग... डुग... डुग... असा एकेक मोजून येणारा. गोठ्यातली गाय दावणीला हिसके देऊ लागली. आबा काहीच बोलले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, आणि मग बराच वेळ पुसतच राहिले.

भंगारवाला परत गेला. मी कंपनीला होकार कळवला. सोबत एक अर्जही जोडला की सहा महिन्यांनंतर मला इंजिन टेस्टिंगला बदली मिळावी, आणि अर्जात स्वतः दुरुस्त केलेल्या 496 सीसीच्या इंजिनाचा उल्लेख केला. उत्तर अजून आलेलं नाही. तोवर मॅन्युअल लिहीन, आणि असं लिहीन की वाचणाऱ्याच्या बोटाची साल निघू नये.

एक विनंती. होस्टेलच्या पार्किंगमध्ये दोन गाड्या महिनोन्‌महिने बंद पडून आहेत. त्यांच्या मालकांनी निदान कार्ब्युरेटर तरी खोलून बघावा. पाने लागले तर मुलींच्या होस्टेलच्या गेटवर माझ्यासाठी निरोप ठेवा. फक्त व्हिटवर्थचे मागू नका, ते आबांनी मोजून ठेवले आहेत.

(अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)